कोलोनचे इलेक्टर-आर्चबिशप आणि त्यांचे राज्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे राज्य नेमके कुठे होते?

आजच्या जर्मनीच्या पश्चिमेला, ऱ्हाईन नदीच्या काठाने आणि तिथून पूर्वेकडे वेस्टफालियाच्या डोंगराळ भागात. जर्मनीत त्याला ‘कुरक्योल्न’ म्हणतात. नकाशावर ते एकसंध नव्हते, त्याचे तीन तुकडे होते आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर दुसऱ्या कुणाची तरी हद्द ओलांडावी लागे.

पहिला तुकडा ऱ्हाईनच्या, मुख्यतः डाव्या, काठावरचा लांबट पट्टा. त्याचे वरचे अंग म्हणजे बॉन, ब्र्यूल, आंडरनाख, आरवायलर, लेशेनिश; खालचे अंग म्हणजे नॉइस, झोन्स, केम्पेन, युर्डिंगन, ऱ्हाइनबेर्ग. दुसरा तुकडा रेक्लिंगहाउसेनचा लहानसा मुलूख. तिसरा वेस्टफालियाची डची (ड्यूकच्या दर्जाचा मुलूख), म्हणजे आर्न्सबर्गभोवतीचा प्रदेश. ऱ्हाईनकाठ आणि वेस्टफालिया यांच्यामध्ये बेर्ग आणि मार्क ही दोन परकी राज्ये आडवी पडलेली. या राज्याच्या बऱ्याच लढायांचे कारण भूगोलातच सापडते.

कोलोन शहर या राज्याची राजधानी होते ना?

नाही. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. कोलोन या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्या वेगळ्या धरल्या नाहीत तर पुढचे काहीच उमगत नाही.

एक, कोलोनचा धर्मप्रांत. आर्चबिशप जिथपर्यंत धर्माधिकारी, तिथपर्यंत त्याची सीमा. दोन, आर्चबिशपचे राज्य, जिथे तो कर घेई, न्याय देई, सैन्य उभारी. धर्मप्रांत राज्यापेक्षा मोठा होता, आणि त्याच्या पुष्कळशा भागावर बेर्ग, युलिश, मार्क यांसारख्या सरदारांची सत्ता होती. तीन, कोलोन शहर. हे मध्ययुगात जर्मन भूमीतले सर्वात मोठे शहर आणि 1288 नंतर व्यवहारात स्वतंत्र. 1475 मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने त्याच्या स्वातंत्र्यावर औपचारिक शिक्कामोर्तब केले.

म्हणजे कोलोनच्या इलेक्टरचे (सम्राट निवडण्याचे मत असलेल्या या आर्चबिशपचे) कोलोनवर राज्य नव्हते. तो राहायचा बॉनला, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर वर, किंवा वाटेतल्या ब्र्यूलला. कॅथीड्रल मात्र शहरातच राहिले.

शहरावरचा एक हक्क त्याने अखेरपर्यंत सोडला नाही: देहदंडाच्या न्यायालयाचा. नगर परिषद आरोपीला पकडे, चौकशी करे. मृत्यूची शिक्षा फर्मावण्याचा अधिकार मात्र आर्चबिशपच्या न्यायालयाचा. जुने खटले वाचताना ‘शिक्षा कोणी दिली’ हे उत्तर त्यामुळे कधीच एका ओळीत देता येत नाही.

बिशपच्या हातात राजसत्ता आलीच कशी?

राजाने दिली म्हणून, आणि देण्यामागे हिशोब होता. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या मुलाकडे जाते आणि दोन पिढ्यांत राजालाच डोईजड होते. बिशपला कायदेशीर वारस नसतो. तो मेला की जागा रिकामी होते आणि नव्या माणसाच्या नेमणुकीत राजाला पुन्हा शब्द टाकता येतो.

कोलोन आर्चबिशपचे पीठ झाले ते शार्लमेनच्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीस. राजसत्तेची खरी सुरुवात 953 ची. त्या साली जर्मन राजा पहिल्या ऑटोचा धाकटा भाऊ ब्रुनो आर्चबिशप झाला आणि त्याच वर्षी ऑटोने त्याला लोथारिंगियाची डचीही सोपवली. एकाच माणसाच्या हाती धर्मदंड आणि तलवार.

पुढची नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. दुसरा आन्नो (1056–1075) याने 1062 मध्ये चक्क राजालाच पळवले. कैझर्सवेर्ट इथे अकरा वर्षांच्या चौथ्या हेन्रीला ‘नवी नाव बघायला चल’ म्हणून बोलावले आणि नावाड्यांनी नाव प्रवाहात लोटली. पोराने घाबरून ऱ्हाईनमध्ये उडी मारली. एका सरदाराने त्याला बाहेर काढले आणि नाव कोलोनला नेली. पोरगा ज्याच्या हाती, राज्यकारभार त्याच्या हाती. याच आन्नोच्या माणसांनी 1074 मध्ये एका व्यापाऱ्याची नाव पाहुण्या बिशपसाठी जबरदस्तीने रिकामी करायला घेतली, तेव्हा शहर पेटून उठले आणि आन्नोला रात्री तटबंदीतल्या वाटेने पळावे लागले. त्याने परत येऊन सूड उगवला, पण शहर आणि आर्चबिशप यांच्यातली तेढ तिथून कायमची झाली.

राइनाल्ड फॉन डासेलने 1164 मध्ये मिलानहून तीन मागी राजांचे, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांचे, अवशेष आणले. त्यांच्या दर्शनाला यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्याचा पैसा शहरालाही मिळाला. फिलिप फॉन हाइन्सबर्गने सॅक्सनी आणि बव्हेरियाचा ड्यूक हेन्री द लायन याची सत्ता मोडण्यात सम्राट बार्बारोसाला साथ दिली आणि 1180 मध्ये गेल्नहाउसेनच्या सनदेने वेस्टफालियाची डची पदरात पाडून घेतली. एंगेलबर्ट फॉन बेर्गला 1225 मध्ये गेव्हेल्सबर्गजवळ स्वतःच्याच नातेवाइकाने, फ्रीडरिक फॉन इझेनबर्गने, गाठून मारले. कारण एका मठाच्या पालकत्वावरून, म्हणजे त्या उत्पन्नावरून, झालेले भांडण.

1288 साली असे काय झाले?

वोरिंगनची लढाई, 5 जून 1288. मूळ भांडण लिम्बुर्गच्या डचीचा वारस कोण, याचे. आर्चबिशप झीगफ्रीड फॉन वेस्टरबुर्ग एका बाजूला, सोबत गेल्डर्न आणि लक्झेम्बर्ग. समोर ब्राबांटचा ड्यूक योहान, बेर्ग आणि मार्कचे काउंट, आणि कोलोनचे नागरिक. आपल्याच आर्चबिशपविरुद्ध शहर रणात उतरले होते.

झीगफ्रीड हरला आणि पकडला गेला. बेर्गच्या काउंटने त्याला वर्षाहून जास्त काळ कैदेत ठेवले. विजयानंतर त्याच काउंटने ड्युसेल नदीवरच्या एका खेड्याला शहराचा दर्जा दिला, 14 ऑगस्ट 1288 ला. ते आजचे ड्युसेलडॉर्फ.

आमच्या मते या राज्याचे पुढचे सगळे स्वरूप या एका दिवसाने ठरले. वोरिंगनआधी आर्चबिशप ऱ्हाईनच्या खालच्या खोऱ्यातली पहिली सत्ता व्हायच्या बेतात होता. नंतर तो अनेकांतला एक झाला, तोही आपल्या सर्वात श्रीमंत शहराशिवाय.

इलेक्टर म्हणजे काय? त्याला मिळत काय होते?

जर्मन राजा, म्हणजे होणारा सम्राट, वंशपरंपरेने नव्हे तर निवडणुकीने ठरे. मतदार सात. 1356 च्या गोल्डन बुल या फर्मानाने ती सात नावे पक्की केली: माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, पॅलेटिनेटचा काउंट, सॅक्सनीचा ड्यूक, ब्रांडनबुर्गचा मार्ग्रेव्ह. मत विचारण्याचा क्रमही ठरलेला: आधी ट्रियर, मग कोलोन, मग बोहेमिया, पॅलेटिनेट, सॅक्सनी, ब्रांडनबुर्ग, आणि शेवटी माइन्झ. निवडणूक फ्रांकफुर्टला, राज्याभिषेक आखेनला.

आखेन लीएजच्या धर्मप्रांतात येई, पण लीएजचा बिशप कोलोनच्या आर्चबिशपच्या हाताखालचा, त्यामुळे मुकुट चढवण्याचा मान कोलोनच्या आर्चबिशपचा. आखेनमधला शेवटचा राज्याभिषेक 1531 चा. पुढे समारंभ बहुधा फ्रांकफुर्टलाच होऊ लागले आणि ते माइन्झच्या क्षेत्रात, म्हणून दोन आर्चबिशपांत मुकुट कोणी चढवायचा यावरून वाद रंगला. ‘इटलीचा महाचान्सलर’ ही पदवीही कोलोनकडे होती. तिच्यात काम जवळपास शून्य, मान मोठा.

खरा फायदा मताच्या किमतीत होता. मत हवे असेल तर उमेदवार जकातीचे हक्क, तारण ठेवलेली शहरे, रोख रक्कम असे बरेच काही देऊ करत.

नवा आर्चबिशप कसा निवडला जाई?

लोक निवडत नसत आणि पोपही थेट नेमत नसे. निवड करी कॅथीड्रलच्या कॅननांचे, म्हणजे तिथल्या पदाधिकाऱ्यांचे, मंडळ, ज्याला चॅप्टर म्हणतात. कोलोनच्या चॅप्टरमध्ये मतदार कॅनन चोवीस: सोळा उच्च कुळातले आणि आठ धर्मगुरू. सोळांत शिरायला नुसता सरदार चालत नसे, काउंट किंवा राजघराण्यातले कूळ लागे आणि वंशावळीचे पुरावे द्यावे लागत.

क्रम साधारण असा. आर्चबिशप वारला की राज्य चॅप्टरच्या ताब्यात. हुकूम, नेमणुका, तिजोरी सगळे त्यांच्याकडे. मग ते निवडणुकीआधीचा करार तयार करत: नवा माणूस चॅप्टरला विचारल्याशिवाय कर बसवणार नाही, जमीन गहाण टाकणार नाही, युद्ध पुकारणार नाही, वगैरे. त्यानंतर मतदान. साध्या उमेदवाराला निम्म्याहून अधिक मते पुरत. पण जो आधीच दुसरीकडे बिशप आहे, किंवा ज्याच्या निवडीत धर्मनियमांचा अडसर आहे, त्याला निवडता येत नसे. त्याच्यासाठी पोपकडे मागणी करावी लागे आणि मागणीला दोन-तृतीयांश मते लागत. मग रोमहून मान्यता आणि पॅलियम, म्हणजे आर्चबिशपच्या खांद्यावरची लोकरीची पट्टी. या मान्यतेची फी भली मोठी असे आणि नवा राजा बहुधा कर्ज काढूनच ती भरे. शेवटी सम्राटाकडून राजसत्तेची वस्त्रे-चिन्हे.

यातल्या कोणत्याही पायरीवर गाडी अडू शकत होती.

अशी अडली कधी?

1688 चे उदाहरण शिकवण्यासारखे आहे. माक्सिमिलियन हाइन्रिश वारला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा उमेदवार विल्हेल्म एगोन फॉन फ्युर्स्टेनबर्ग हा आधीच स्ट्रासबुर्गचा बिशप, म्हणून त्याला चोवीसपैकी सोळा मते हवी होती. पडली तेरा. बव्हेरियाच्या योजेफ क्लेमेन्सला नऊ. त्याचे वय अवघे सोळा. दोघांपैकी कुणाचाच आकडा निर्विवाद नव्हता, म्हणून निकाल रोमकडे गेला आणि अकराव्या इनोसंटने पोराच्या बाजूने कौल दिला. लुईने सैन्य पाठवले. त्या वर्षी पेटलेल्या नऊ वर्षांच्या युद्धाचे हे एक कारण, आणि 1689 च्या वेढ्यात बॉन बेचिराख झाले.

हे आर्चबिशप खरेच धर्मगुरू असत का?

बरेचदा नाही. राजघराण्यातला मुलगा कॅनन व्हायला खालच्या दीक्षा पुरत. निवडून आल्यावरही पुरोहिताची दीक्षा वर्षानुवर्षे लांबवता येई. बिशपची कामे, म्हणजे दृढीकरण, चर्चचे अभिषेक, पुरोहितांना दीक्षा, ही सगळी साहाय्यक बिशप उरके. बव्हेरियाचा फर्डिनांड 1612 ते 1650 राज्यावर होता आणि तो कधीच पुरोहित झाला नाही. योजेफ क्लेमेन्सने 1688 ला पद घेतले आणि दीक्षा घेतली थेट परागंदा असताना. बिशप म्हणून त्याचा अभिषेक 1707 मध्ये लील इथे फ्रेंच आर्चबिशप फेनेलों यांच्या हातून झाला. दीक्षा टाळण्याला व्यावहारिक कारणही होते: मोठा भाऊ निपुत्रिक वारला तर राजवंश चालवायला धाकट्याला पद सोडून लग्न करता यायला हवे.

राज्याचा पैसा कुठून येई?

ऱ्हाईनवरून जाणाऱ्या मालावर. शेतसारा, गिरण्या, द्राक्षमळे, जंगले होतीच, पण रोख पैसा नदीच्या जकातीचा. आर्चबिशप फ्रीडरिक फॉन झारवेर्डनने 1372 मध्ये नॉइसची जकात उचलून झोन्सला आणली आणि पुढच्याच वर्षी झोन्सला शहराचा दर्जा दिला. हेतू उघड होता: नॉइस हे मोठे, डोके वर काढणारे शहर; झोन्स त्याने स्वतः बांधलेले आणि स्वतःच्या मुठीतले. झोन्सची तटबंदी आणि नदीकडचा जकातीचा बुरूज आजही उभे आहेत. चालत फिरलात तर तासाभरात कळते की हे गाव म्हणजे मुळात भिंतीआडचे वसुली नाके.

नदीच्या व्यापाराचा दुसरा मोठा हक्क मात्र हातचा गेला होता. 1259 मध्ये आर्चबिशप कोनराड फॉन होखश्टाडेनने कोलोन शहराला मालरोख हक्क दिला: जाणारा-येणारा माल कोलोनला उतरवायचा आणि तीन दिवस आधी तिथल्या नागरिकांना विकायला ठेवायचा. हा हक्क शहराने 1831 पर्यंत चालवला. याच कोनराडने 15 ऑगस्ट 1248 ला आजच्या गॉथिक कॅथीड्रलचा पाया घातला.

चलनात मात्र हे राज्य शहाणपणाने वागले. 1386 मध्ये कोलोन, माइन्झ, ट्रियर आणि पॅलेटिनेट या चार इलेक्टरांनी एकत्र येऊन ऱ्हाईनच्या सोन्याच्या गुल्डेनचे वजन-कस एक ठेवायचे ठरवले. एरवी एकमेकांचे पाय ओढणारे हे चौघे इथे पुष्कळ काळ टिकून राहिले.

एवढे उत्पन्न असून हे राज्य कर्जात का?

आर्चबिशप डीट्रिश फॉन म्योर्स (1414–1463) यामुळे, असे थोडक्यात सांगता येईल. 1368 मध्ये त्याच्या पूर्वसुरीने आर्न्सबर्गची काउंटी विकत घेऊन वेस्टफालियात पाय रोवला होता. डीट्रिशला तिथे झोस्ट हे श्रीमंत शहर पूर्ण मुठीत आणायचे होते. झोस्टने क्लीव्हच्या ड्यूकला धनी केले. 1444 ते 1449 अशी पाच वर्षे लढाई चालली, भाडोत्री फौजा आणल्या, त्यांचा पगार थकला, आणि शेवटी झोस्ट गेलेच. जकाती आणि परगणे गहाण पडले.

तो मेल्यावर, 1463 मध्ये, राज्यातल्या वर्गांनी करार केला. हे वर्ग चार: चॅप्टर, काउंट, सरदार आणि शहरे. करार असा की नव्या राजाने यातील अटी पाळल्या नाहीत तर प्रजेवर आज्ञापालनाचे बंधन नाही. तिने चॅप्टरकडे वळावे. या कागदाला आम्ही राज्याची खरी घटना मानतो. पुढच्याच आर्चबिशपने, पॅलेटिनेटच्या रुप्रेष्टने, ती मोडली. चॅप्टरने 1473 मध्ये हेसेनच्या हर्मानला प्रशासक नेमले. रुप्रेष्टने बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला बोलावले आणि चार्ल्सने नॉइसला जुलै 1474 पासून जवळपास अकरा महिने वेढा घातला. नॉइस पडले नाही. आत राहून लढणारा हर्मान 1480 मध्ये आर्चबिशप झाला. रुप्रेष्ट कैदेत मेला.

हे राज्य प्रोटेस्टंट होणार होते, हे खरे का?

दोनदा, आणि दुसऱ्यांदा थोडक्यात हुकले.

पहिला प्रयत्न हर्मान फॉन वीडचा. त्याने 1542 मध्ये बुत्सर आणि 1543 मध्ये मेलांख्टन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांना बॉनला बोलावून सुधारणांचा मसुदा करवून घेतला. बहुसंख्य चॅप्टर, शहर आणि विद्यापीठ विरोधात गेले. 1546 मध्ये पोपने बहिष्कृत केले, 1547 मध्ये हर्मानने पद सोडले. रक्तपात न होता प्रकरण मिटले.

दुसरा प्रयत्न गेबहार्ड ट्रुखसेस फॉन वाल्डबुर्गचा. 1577 मध्ये तो निवडून आला आणि बव्हेरियाचा एर्न्स्ट हरला. डिसेंबर 1582 मध्ये गेबहार्डने पंथ बदलल्याचे जाहीर केले आणि 2 फेब्रुवारी 1583 ला बॉनमध्ये आग्नेस फॉन मान्सफेल्डशी लग्न लावले. नुसते लग्न करून तो निघून गेला असता तर कुणी फारसे अडवले नसते. त्याला पदही ठेवायचे होते. 1555 च्या आउग्सबुर्ग तहात एक कलम होते: धर्माधिकाऱ्याने पंथ बदलला तर त्याने पद आणि राज्य सोडायचे. प्रोटेस्टंट सरदारांनी हे कलम कधी मनापासून मानले नव्हते. आणि सात मतांतली तीन, सॅक्सनी, ब्रांडनबुर्ग आणि पॅलेटिनेट, आधीच प्रोटेस्टंट होती. कोलोन गेले असते तर चार. पुढचा सम्राट कॅथलिक होईलच याची खात्री उरली नसती.

पोपने गेबहार्डला बहिष्कृत केले, मे 1583 मध्ये चॅप्टरने एर्न्स्टला निवडले आणि युद्ध सुरू झाले. बॉनजवळच्या गोडेसबर्ग किल्ल्याचे काय झाले ते पाहिले की त्या काळच्या वेढ्याचे तंत्र कळते. किल्ला उंच टेकाडावर, खाली ज्वालामुखीचा कठीण खडक. तोफा डागून तट नीट ढासळेना. मग बव्हेरियन फौजेने खडकातून भुयार खणून भिंतीखाली सुमारे 1,500 पौंड दारू ठासली आणि 17 डिसेंबर 1583 ला ती उडवली. भगदाड पडूनही आत शिरणे जड गेले. काही सैनिक संडासाच्या मोऱ्यांमधून वर चढले. ढिगाऱ्यात किल्ल्याच्या 1210 च्या पायाभरणीची कोरीव शिळा सापडली.

स्पॅनिश फौजा आल्या, 1586 मध्ये नॉइस लुटून जाळले गेले, 1588 पर्यंत धुमसत राहिले. गेबहार्ड स्ट्रासबुर्गला गेला आणि 1601 मध्ये तिथेच वारला.

त्यानंतर सगळे आर्चबिशप बव्हेरियाचेच कसे?

युद्ध बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याने जिंकून दिले होते; त्याची वसुली 1583 ते 1761 चालली. युक्ती साधी: राज्यावर असलेला काका हयातीतच पुतण्याला वारसा-हक्काचा साहाय्यक नेमून घेई, म्हणजे मृत्यूनंतर निवडणुकीचा धोकाच नाही. एर्न्स्ट, फर्डिनांड, माक्सिमिलियन हाइन्रिश, योजेफ क्लेमेन्स, क्लेमेन्स आउगुस्ट असे सलग पाच. वारस नसलेल्या पदात त्यांनी वारसा घुसवला. 1688 चा तंटा झाला, कारण तिथे ही साखळी वेळेत जोडली गेली नव्हती.

एक सूचना: गोडेसबर्ग घेणारा सेनापती फर्डिनांड आणि पुढचा आर्चबिशप फर्डिनांड एक नव्हेत. पहिला एर्न्स्टचा भाऊ, दुसरा पुतण्या. छापील मजकुरातही हे दोघे एकमेकांत मिसळलेले आढळतात.

चेटकिणींचे खटले इथे फार झाले म्हणतात?

झाले, आणि मुख्यतः फर्डिनांडच्या काळात, 1620 नंतर. ऱ्हाईनकाठ आणि वेस्टफालिया दोन्हीकडे. शहरातले गाजलेले नाव कॅथारिना हेनोटचे. टपालव्यवस्थेशी संबंधित श्रीमंत घराण्यातली ही बाई. तिला 1627 मध्ये मृत्युदंड झाला. छळ करूनही तिने कबुली दिली नव्हती. अटक परिषदेची, शिक्षा आर्चबिशपच्या न्यायालयाची. 2012 मध्ये कोलोनच्या नगर परिषदेने तिला आणि इतर बळींना निर्दोष मानल्याचे जाहीर केले.

ब्र्यूलचा राजवाडा कोणाचा? त्यासाठी पैसा कुठून आला?

क्लेमेन्स आउगुस्टचा (1723–1761). कोलोनखेरीज म्युन्स्टर, पाडरबोर्न, हिल्डेसहाइम आणि ओस्नाब्र्युक अशी आणखी चार पीठे त्याच्याकडे होती. आउगुस्टुसबुर्ग राजवाड्याचे काम 1725 मध्ये सुरू झाले. वास्तुकार आधी श्लाउन, मग क्युव्हिये, आणि जिन्याची कल्पना बाल्थाझार नॉयमानची. जवळच बगळ्यांच्या शिकारीसाठी फाल्कनलुस्ट हे ससाण्यांचे छोटेखानी घर. दोन्ही 1984 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पैसा पाच राज्यांचा, आणि परकी अनुदाने: आज फ्रान्सकडून, उद्या ऑस्ट्रियाकडून. जो देईल त्याची बाजू, असा कारभार. 1742 मध्ये त्याने स्वतःच्या भावाला, सातव्या कार्लला, फ्रांकफुर्टमध्ये सम्राटाचा मुकुट घातला. फेब्रुवारी 1761 मध्ये म्युनिकला जाताना कोब्लेन्झसमोरच्या एरेनब्राइटश्टाइनला ट्रियरच्या इलेक्टरकडे मुक्काम केला, आजारी असताना संध्याकाळी नाचायला उतरला, कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला.

बेथोव्हेनचा या राज्याशी काय संबंध?

थेट नोकरीचा. आजोबा 1733 मध्ये क्लेमेन्स आउगुस्टच्या दरबारी गायक म्हणून बॉनला आले, पुढे दरबारी संगीतप्रमुख झाले. वडील तिथेच गायक. लुडविग 1770 मध्ये जन्मला आणि पोरवयातच दरबारी ऑर्गनवादकाचा साहाय्यक झाला. 1792 मध्ये तो व्हिएन्नाला गेला तो शेवटचा इलेक्टर माक्सिमिलियन फ्रान्झ याच्या परवानगीने आणि पगारावर. हा माक्स फ्रान्झ मारिया तेरेसाचा मुलगा, मारी आंत्वानेतचा भाऊ. बॉनचे विद्यापीठ 1786 मध्ये त्याने उद्घाटित केले. बेथोव्हेन गेल्यावर दोन वर्षांत फ्रेंच आले आणि त्याचा पगारही थांबला, परत यायला दरबारही उरला नाही.

राज्य संपले कसे?

ऑक्टोबर 1794 मध्ये फ्रेंच फौजा कोलोन आणि बॉनमध्ये शिरल्या. इलेक्टर निघून गेला. चॅप्टर वेस्टफालियात आर्न्सबर्गला, तीन राजांचे अवशेष घेऊन. 1801 च्या ल्युनेव्हिल तहाने ऱ्हाईनचा डावा काठ फ्रान्सला गेला. त्याच वर्षी माक्स फ्रान्झ व्हिएन्नाजवळ वारला. चॅप्टरने ऑस्ट्रियाच्या आंटोन व्हिक्टरला निवडले, पण त्याने पद कधी हाती घेतलेच नाही. 25 फेब्रुवारी 1803 च्या साम्राज्य-निर्णयाने उरलेले वाटून टाकले: वेस्टफालिया हेसेन-डार्मश्टाटला, रेक्लिंगहाउसेन आरेनबेर्गच्या ड्यूकला. 1815 नंतर जवळपास सगळेच प्रशियाकडे आले.

राज्य संपले, धर्मप्रांत नाही. 1821 मध्ये कोलोनचे आर्चबिशपपद नव्याने उभे राहिले, राजसत्तेशिवाय.

गोव्याच्या आर्चबिशपचीही सत्ता होती. तसेच का हे?

नाही. आलेशियो द मेनेझिस हे आर्चबिशप 1607 ते 1609 पोर्तुगीज भारताचे गव्हर्नर होते, पण लिस्बनच्या राजाच्या वतीने, हंगामी. कोलोनचा आर्चबिशप स्वतःच्या हक्काने राजा होता.

आपल्याकडे ताप आला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत, ते इथलेच?

शहरातले, या राज्यातले नव्हे. फारिना घराण्याची पेढी 1709 ची, स्वतंत्र कोलोन शहरातली. क्लेमेन्स आउगुस्ट तिचा गिऱ्हाईक होता, एवढाच राज्याचा संबंध.

अभ्यास करायचा तर कागद कुठे शोधावे? चुका कुठे होतात?

आधी ठरवा, तीनपैकी कोणते कोलोन. राज्याच्या ऱ्हाईनकाठच्या कारभाराचे कागद नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाच्या राज्य अभिलेखागारात, ड्युइसबुर्ग शाखेत. वेस्टफालिया डचीचे म्युन्स्टर शाखेत. चर्चचे कागद, म्हणजे पॅरिश, तपासणीच्या भेटी, दीक्षा, आर्चडायोसिसच्या ऐतिहासिक अभिलेखागारात. शहराचे कागद शहराच्या अभिलेखागारात. ती इमारत 3 मार्च 2009 ला भुयारी रेल्वेच्या कामाजवळ कोसळली, शेजारच्या घरांतली दोन माणसे गेली आणि कागद चिखलात गाडले गेले. बहुतेक बाहेर काढले आहेत, पण डागडुजी चालूच आहे. हवी ती फाइल मागण्याआधी ती वापरण्याजोगी आहे का, हे पत्राने विचारून घ्या. नाही तर खेप फुकट जाते.

तारखांकडे लक्ष ठेवा. या राज्यात नवे (ग्रेगोरियन) कॅलेंडर नोव्हेंबर 1583 मध्ये लागू झाले, म्हणजे नेमके युद्धाच्या मध्यात. गेबहार्डच्या लग्नाची तारीख जुन्या कॅलेंडरची, गोडेसबर्गच्या स्फोटाची नव्या. दोन्हींमधले दिवस सरळ मोजले तर दहाचा फरक पडतो. शेजारची प्रोटेस्टंट राज्ये 1700 पर्यंत जुन्यावरच होती, म्हणून एकाच पत्राला दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका.

नावांचे आकडेही फसवे. 1225 मध्ये मारला गेलेला एंगेलबर्ट आर्चबिशप म्हणून पहिला, बेर्गचा काउंट म्हणून दुसरा.

नाणे किंवा सीमेचा दगड समोर असेल तर चिन्ह पाहा. पांढऱ्यावर काळा क्रॉस म्हणजे आर्चबिशपचे राज्य. तीन मुकुट म्हणजे शहर.